मोकळे करण्याचा अधिकार

९ ऑक्टोबर

येरोनिमो आज आला. तो माझ्या पत्नीचा, नालवोगाचा, धाकटा भाऊ. ती गेल्यापासून तिच्या कुळातर्फे जे काही बोलायचे असते ते तोच बोलतो. मला तो मुको म्हणतो, म्हणजे बहिणीचा नवरा. ओसरीवर बसला, पाणी मागितले, आणि पेला अर्धा असतानाच म्हणाला, "मुको, आता पुरे झालं. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ओलुंबे. कुळानं ठरवलंय. तुझं मत विचारायला आलो नाही, कळवायला आलोय."

मी त्याला आठवण करून दिली की हा विधी तीनदा पुढे गेला तो कारणांशिवाय नव्हे. पहिल्या वेळी मसाका शहराचा रस्ता पावसाने वाहून गेला होता. दुसऱ्या वेळी त्यांच्या कुळाचे प्रमुख आजारी होते. तिसऱ्या वेळी उपवासाचा काळ होता, आणि त्या दिवसांत अंगणात ढोल वाजलेले आमच्या पाद्रींना रुचत नाही. तिन्ही कारणे खरी होती.

"खरीच होती," येरोनिमो म्हणाला. "तुझी कारणं नेहमी खरीच असतात. तोच तर ताप आहे."

ओलुंबे होईपर्यंत मृत्यू घरात मुक्कामाला असतो, असे आमच्यात मानतात. विधी झाला की तो निघून जातो, आणि गेलेल्या माणसाच्या जागी वारस उभा राहतो. मी आयुष्यभर सेमिनरीत पाद्री होऊ पाहणाऱ्या मुलांना तर्कशास्त्र शिकवले. या समजुतीकडे मी एक देखणे रूपक म्हणून पाहतो. माझी अडचण रूपकाशी नाही. नालवोगाला मी एक शब्द दिलेला आहे: ओलुंबे झाल्यावर मी हे घर सोडून कंपालाला आमच्या मुलीकडे, नाक्कूकडे, राहायला जाईन, इथे एकटा राहणार नाही. 'ओलुंबे झाल्यावर' ही अट मी घातली होती. अट ऐकून ती हसली. खोकल्यामुळे ते हसणे पूर्ण झाले नाही.

१२ ऑक्टोबर

दिलेल्या शब्दाची तपासणी केली. तो मी शुद्धीत दिला, कुणाच्या दडपणाखाली नाही, आणि त्याचा विषय अशक्य नाही. कंपालाला रोज गाड्या जातात. म्हणजे तो बंधनकारक आहे. अट पूर्ण झालेली नाही, म्हणून तो मोडलेलाही नाही. इथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु ज्याने अट पूर्ण होऊ नये यासाठी स्वतः हातभार लावला त्याने वचन पाळले, असे विधान मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला करू दिले नसते. मी रस्ता वाहून नेला नाही हे खरे. वाहून गेल्यावर मला बरे वाटले, हेही खरे.

इथे राहून मला काय साधायचे आहे, हा प्रश्न निराळा. तो आज घेतला नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

नाक्कूचा फोन दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपल्यावर येतो. आजही आला.

"ताता, डोळे कसे आहेत?"

"दोन आहेत."

"आणि दिसतं का त्यांतून?"

"जे पाहावंसं वाटतं ते दिसतं."

"बरं. एक विचारायचं होतं. वाचायला दिवा पांढरा बरा की पिवळा?"

"कुणाला वाचायचंय?"

"कुणाला नाही. सहज."

पिवळा, असे मी सांगितले. मग तिने सांगितले की तळमजल्यावरची खोली रिकामी केली आहे. शिवणयंत्र वर नेले. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवली. मुलांचे पाय घसरतात म्हणे. मुले झाडावर चढतात तेव्हा घसरत नाहीत, हे मी तिच्या निदर्शनास आणले. ती म्हणाली, "हो ना," आणि विषय बदलला.

माझा निष्कर्ष असा की ती भाडेकरू ठेवण्याच्या विचारात आहे. तोही वयस्क आणि वाचनाची सवय असलेला. तिच्या नवऱ्याचा एखादा निवृत्त सहकारी असावा. मी येण्याविषयी ती आजही काही बोलली नाही. तिची आई गेल्यापासून एकदाही बोललेली नाही. यातून एक मुद्दा निघतो, तो नोंदवून ठेवतो: दुसऱ्याच्या घरी राहायला जाण्याचे वचन त्या दुसऱ्याची संमती गृहीत धरते. संमतीच नसेल, तर वचनाला आधार उरत नाही.

मुद्दा बळकट आहे. तो सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता.

२ नोव्हेंबर

आज सर्व मृतांचा दिवस. मिस्साला गेलो. नालवोगाची कबर इथे नाही. ती तिच्या कुळाच्या जमिनीत, वडिलांशेजारी आहे. परवा येरोनिमोने यावरूनच मला अडवले होते. "ती तिकडे आमच्यात आहे. मग इथं काय आहे तुझं, मुको?" मी म्हणालो, सवय. उत्तर अपुरे होते. त्याने ते सोडून दिले, हे त्याचे औदार्य.

घरामागची केळीची बाग तिची होती. मी त्यात पाय ठेवत असे तो फक्त तिला शोधायला. ती बागेच्या कडेला पानावर बसून मातोकेची कच्ची केळी सोलत असायची, आणि मी दुसऱ्या दिवशीचा धडा तिला म्हणून दाखवायचो. प्रमेय, हेतू, निष्कर्ष. ती सोलता सोलता ऐकायची आणि शेवटी विचारायची, "बरं, आणि मग?" मला संपूर्ण सिद्धता पुन्हा मांडावी लागे, कारण त्या प्रश्नाचे उत्तर सिद्धतेत नसे. तिला शाळेच्या चार यत्तांपलीकडे शिक्षण नव्हते, आणि तिच्यापुढे टिकलेला धडा सेमिनरीत कधी कोसळला नाही.

गेल्या वर्षभरात मला कुणी विरोध केलेला नाही. येरोनिमो थट्टा करतो. थट्टा म्हणजे विरोध नव्हे. शेजारीण बागेतला एक पिकू लागलेला घड कापून नेऊ का म्हणून विचारायला आली, तिला मी नको म्हटले. तिनेही कारण विचारले नाही. लोक मला फार सांभाळून घेतात.

१५ नोव्हेंबर

येरोनिमो पुन्हा आला, या वेळी आनंदात. "वारस ठरली. माझी प्रॉसी."

प्रॉसी त्याची धाकटी मुलगी. "ती मसाकात केस विणते," मी म्हणालो.

"विणते. म्हणजे काय तिला डोकं नाही? दिवसभर लोकांची डोकीच हातात असतात तिच्या."

"अजून पोर आहे ती."

"आता सेंगा होईल. नालवोगा आमच्या सगळ्या पोरींची आत्या होती, लग्नाचं-संसाराचं तिलाच विचारायच्या. आता प्रॉसीला विचारायचं. माझी थोरली, चार लेकरांची आई, धाकट्या बहिणीपुढे गुडघे टेकणार! मी तर पुढच्या रांगेत बसणार आहे बघायला." मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि रीतीनं ती तुझी बायको लागते. सांभाळ बाबा. दर आठवड्याला केसांचा नवा थाट असतो तिचा."

तो गेल्यावर मला एक गोष्ट सुचली. ती जशी सुचली तशीच लिहितो.

वचनातून मोकळे करण्याचा अधिकार केवळ ज्याला वचन दिले त्याचा असतो. हे मी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना घोकायला लावले. म्हणूनच मेलेल्याला दिलेले वचन सर्वांत कठीण: मोकळे करू शकणारा उरलेला नसतो. एखादा विद्यार्थी विचारायचा, मास्टर, मग वारस? तो तर मेलेल्याच्या जागी असतो ना? मी उत्तर द्यायचो की जागी असणे म्हणजे तोच असणे नव्हे.

आता मला वाटते की ते उत्तर घाईचे होते. सगळा समाज प्रॉसीला नालवोगा म्हणणार. भाच्या तिला सेंगा मानणार, येरोनिमो तिला बहीण म्हणून हाक मारणार, नालवोगाची सर्व कर्तव्ये तिच्याकडे जाणार. कर्तव्ये जातात, तर अधिकार का नाहीत? आणि अधिकार जात असतील, तर मला मोकळे करण्याचा अधिकारही तिचा.

माझे मत माझ्या सोयीच्या दिशेने सरकले आहे. म्हणून ते संशयास्पद आहे. संशयास्पद म्हणजे खोटे नव्हे.

२९ नोव्हेंबर

अंगणात केळीच्या पानांचे मांडव उभे राहू लागले आहेत. पाहुण्यांची झोपायची सोय. कुणीतरी कुदळ मागते, कुणीतरी दोर.

प्रॉसीपुढे मांडायचा युक्तिवाद तयार झाला आहे. तीन भाग आहेत. आज बागेच्या कडेला उभा राहून तो मोठ्याने म्हणून पाहिला. दुसऱ्या भागानंतर थांबलो. तिथे आक्षेपासाठी थांबायची माझी सवय आहे. थोडा वेळ उभा राहिलो आणि पुढे म्हणायला लागलो.

७ डिसेंबर, रविवार

ओलुंबे झाले.

शनिवारी पहाटे कुळाच्या प्रमुखांनी प्रॉसीला दारात आणले. गोमेसी झग्यावरून खांद्यावर गाठ मारलेले झाडाच्या सालीचे कापड, हातात सोलायची सुरी आणि टोपली. केस मात्र तांबडे रंगवलेले. प्रमुखांनी तिला नालवोगाच्या नावाने हाक मारली आणि तिने "ओ" दिली. मी त्या क्षणाची वाट पाहत होतो, कारण माझ्या युक्तिवादाचा दुसरा भाग त्यावर उभा आहे. तरीही तो "ओ" ऐकल्यावर मला खांबाला हात लावावा लागला. रात्रभरच्या जागरणाचा परिणाम असावा.

मग लोक पुढे येऊन तिला उपदेश करू लागले. घर उघडं ठेव. भांडणं ऐकून घे, वाढवू नकोस. येरोनिमोची थोरली खरोखर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "सेंगा, माझा नवरा घोरतो." प्रॉसी गंभीरपणे म्हणाली, "कुशीवर वळव त्याला. नाहीतर दुसऱ्या खोलीत पाठव, मीपण माझ्या नवऱ्याला पाठवलं असतं." अंगणभर हशा पिकला. ढोल पुन्हा सुरू झाले.

नाक्कू कंपालाहून आली होती. दोन दिवस स्वयंपाकाच्या धुरात होती, डोळे लाल. निघताना माझ्यासमोर गुडघे टेकून निरोप घेतला, उठली, पुन्हा बसली, जणू काही विसरली होती. मी विचारले, काय? "काही नाही, ताता," म्हणाली. गाडीचे दार लावून बराच वेळ तिने गाडी सुरूच केली नाही. गाडीत बिघाड असावा. मी पुढे जाणार इतक्यात ती निघून गेली.

मांडव पाडले. अंगण झाडले. रीतीप्रमाणे मृत्यू घरातून गेला. घर मोठे वाटते.

८ डिसेंबर

प्रॉसी कुळातल्या बायकांबरोबर आवराआवरीसाठी मागे राहिली आहे. सकाळी चहा घेऊन आली, गुडघे टेकून पेला पुढे केला. "चहा, म्वामी." आमच्यात बायको नवऱ्याला अशी हाक मारते.

"प्रॉसी, मला काही बोलायचं आहे."

"नालवोगा म्हणा. एवढं गाव साक्षीला होतं परवा."

मला हेच हवे होते. मी तिला बसायला सांगितले आणि पहिला भाग मांडला: वचन म्हणजे काय, ते कुणाचे कुणावर ऋण असते. ती भाजलेल्या शेंगा फोडत ऐकत होती. पहिला भाग संपायच्या आत म्हणाली, "म्हणजे तुम्हाला इथंच राहायचंय."

"मी अजून निष्कर्षापर्यंत आलेलो नाही."

"मी आलेय. राहा. सोडलं मी तुम्हाला."

"तू दोन्ही बाजू ऐकल्या नाहीस."

"मग काय, भांडू तुमच्याशी? हवं ते मिळालं ना?" टरफलं तिने झग्यातून झटकली. "शेंगा घ्या. छान भाजल्यात."

मोकळीक मिळाली. तर्काच्या दृष्टीने त्या मोकळिकीत दोष नाही: देणाऱ्याला अधिकार होता, शब्द स्पष्ट होते, सक्ती नव्हती. सायंकाळपर्यंत मी त्यात दोष शोधत होतो, हे मात्र ध्यानात आले, आणि मोकळा झालेला माणूस असे का करील, हे समजत नाही.

पेच असा आहे. प्रॉसी खरोखर नालवोगा असेल, तर नालवोगाने मला दोन शेंगांच्या मध्ये सोडून दिले. ती नालवोगा नसेल, तर मी मोकळा झालेलोच नाही. दोन्ही बाजूंना मला उभे राहवत नाही. एवढ्या वर्षांत नालवोगाने माझे एकही म्हणणे न भांडता मान्य केले नव्हते.

९ डिसेंबर

आज सकाळी प्रॉसी मसाकाला निघायच्या तयारीत होती. पिशवी दारात ठेवून माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"तोंड का असं? जिंकलात ना?"

"ती इतक्या सहज सोडणार नव्हती," मी म्हणालो. "ती वाद घालायची."

प्रॉसी हसू लागली. मग हसता हसता तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे तुम्हाला नाक्कूचं ठाऊकच नाही?"

मी म्हणालो, नाक्कूचे मला एवढेच ठाऊक आहे की ती भाडेकरू ठेवणार आहे.

"भाडेकरू!" ती दारातच खाली बसली. "अहो, सेंगाचे केस विणायला मी इस्पितळात जायचे ना शेवटी शेवटी. नाक्कू असायची तिथं. सेंगानं तिच्याकडून शब्द घेतलाय, माझ्यासमोर. तातांना कधी 'या' म्हणायचं नाही. खोली तयार ठेव, पण बोलवायचं नाही."

"का?"

"ती म्हणाली, 'बोलावलंस तर तो वाद घालील. वाद घातला की जिंकेल. आणि जिंकला की बसेल इथं एकटा.'" प्रॉसीने ते नालवोगाच्या आवाजात म्हटले, कुठे थांबायचे तेही बरोबर. "'त्याला आपल्या पायांनी येऊ दे,' म्हणाली. मला वाटलं, तुम्हाला एव्हाना कुणी सांगितलं असेल."

मला कुणी सांगितले नव्हते. जिने शब्द दिला होता तिने तो पाळला होता. वर्षभर, दर रविवारी.

प्रॉसीने फोन काढला. "थांबा. सेंगाच्या गाठी सोडायला बसलेच आहे, तर ही पण सोडते." मी हात वर केला, तिने पाहिले नाही. "नाक्कू? मी तुझी आई बोलतेय. हसू नकोस, आई आहे मी तुझी, शनिवारपासून. ऐक. तू मला जो शब्द दिला होतास ना, इस्पितळात, त्यातून तुला मोकळं केलं. हो, तोच. मोकळं केलं म्हटलं ना! घे, बोल." आणि फोन माझ्या हातात दिला.

"ताता," नाक्कू म्हणाली. मला वाटले फोन तुटला, तुटला नव्हता. ती श्वास घेत होती.

"ताता, या ना इकडे."

मी तिला सांगितले की बागेकडे पाहणारे इथे कुणी नाही.

"नाही. कुणी नाही," ती म्हणाली.

मी सांगितले की तिच्या आईच्या वारसदाराने मला मोकळे केले आहे. माझ्यावर आता कसलेही बंधन नाही.

"नाही, ताता. नाही बंधन."

मी सांगितले की या वयात माणसाने घर बदलले की त्याला नवे घर आपले वाटत नाही. आणि मला तिथे रात्री उठल्यावर भिंत कुठे आहे ते कळणार नाही.

"नाही कळणार," ती म्हणाली. ती आता रडत होती आणि लपवत नव्हती. "सुरुवातीला नाही कळणार. या."

तिन्ही कारणे खरी होती. तिन्ही तिने मान्य केली. माझ्यापुढे खोडायला काही ठेवले नाही. मी पुढच्या मुद्द्याची वाट पाहत होतो, आणि मुद्दा नव्हताच. एक मूल हाक मारत होते, गेले वर्षभर थांबवून ठेवलेली हाक.

"शनिवारी ये," मी म्हणालो.

फोन परत देताना प्रॉसीने विचारले, "आता कोण जिंकलं?" मी तिला म्हणालो, तुझी गाडी चुकेल.

१३ डिसेंबर

येरोनिमो सकाळीच आला. पेटी बांधायला मदत करायची म्हणून, पण बसला होता नुसता. त्याने विचारले की घरात शेवटचे फिरून पाहायचे आहे का. मी म्हणालो, पाहून झाले.

"काही सापडलं?"

"नाही."

त्याने थट्टा केली नाही.

त्या शब्दाचा मी पुन्हा विचार केला. मी तो आता पाळत नाही, कारण तो उरलेला नाही, मोडतही नाही. जे करतो आहे त्याला मी शिकवलेल्या ग्रंथांत नाव असेल तर मला आठवत नाही. नालवोगाला विचारले असते. मातोके सोलता सोलता हे ऐकून तिने शेवटी काय विचारले असते, हे मला ठाऊक आहे, आणि ते तिच्याच तोंडून ऐकावे अशी इच्छा मला आज सकाळपासून इतकी होते आहे की वही दोनदा मिटून ठेवावी लागली.

खाली वळणावर धूळ दिसते आहे. नाक्कू स्वतः गाडी चालवते आहे, एकटीच. चढावर गाडी वर यायला त्रास होतो. येरोनिमो म्हणतो, बस, येईल ती वर. पेटी घेऊन मीच खाली रस्त्यावर जातो आहे.